जत्रेच्या आधीची बोट

जून १२, २०१४, गुरुवार
तालिगाया बेट

नवरे येतात ऑगस्टात आणि तुझी बोट येते सप्टेंबरात. गेली सहा वर्षं हेच. यंदाचा कागदही गावकप्तानाच्या पडवीत डकवलाय, मी चष्मा पुसून दोनदा वाचला. सप्टेंबर ११. संत रोकेची जत्रा ऑगस्टच्या सोळा तारखेला असते हे या पाण्यातल्या माकुळांनासुद्धा माहीत आहे, फक्त तुमच्या ऑफिसला नाही. कुपा मासा पकडणाऱ्या मोठ्या बोटींवरचे आपले पुरुष जत्रेच्या आठवडाभर आधी उतरतात, पंधरा दिवस माडी पितात, कोंबडे झुंजवतात, बायकांना जवळ घेतात आणि जातात. ते गेले की तुमची दवाखान्याची बोट भोंगा वाजवत येते, बायकांच्या दंडात मूल न होण्याच्या काड्या बसवायला. तोवर अर्ध्याजणींना सकाळच्या ओकाऱ्या सुरू झालेल्या असतात. ही तारीख ठरवणारा माणूस कोण आहे? त्याला आई आहे का?

बरं. लुमिंग, मी लिहितेय. अकरा वर्षांत अक्षर सुधारलेलं नाही, म्हणजे ओळखशील. फोन केला असता, पण बेटावर रेंज लागते ती फक्त चर्चच्या नीरफणसाखाली, आणि तिथल्या बाकावर कान लावून कोण कोण बसलेलं असतं ते तुला सांगायला नको. शिवाय तू माझा फोन उचलत नाहीस.

शाळेच्या एर्मिताबाई म्हणाल्या की बोटीच्या तारखा आता तुझ्याच टेबलावर ठरतात. म्हणजे वरचा सगळा राग तुला. परत एकदा वाच.

या मेमध्ये माझ्या हातून एकोणीस बाळंतपणं झाली. पोरी पांढरे झगे घालून मारियामातेला फुलं वाहत होत्या आणि मी या घरून त्या घरी गरम पाण्याला ओरडत फिरत होते. सगळ्या बेटाच्या पोरांचे वाढदिवस एकाच महिन्यात, शाळेतही बाई एकदाच केक कापतात. मी एकाहत्तर वर्षांची आहे, सगळ्या बेटाची लोला, आजी, माझे गुडघे आता मोठ्याने बोलतात. आणि त्या एकोणिसांतल्या अकराजणींनी, नाळ कापायच्या आधी, मला विचारलं, ‘लोला, पुढच्या वर्षी नको. काही करता येईल का?’ त्या वेळी बाई खोटं बोलत नाही, तेवढी ताकदच नसते तिच्यात.

मी कुणा एकीसाठी लिहीत नाहीये. तुझी भाची अनिसिया बरी आहे. तिच्या चारही पोरी बऱ्या आहेत. तिचा रोमुलो यंदा दोन वर्षांनी येतोय.

बोट जत्रेच्या आधी पाठव. एवढंच.

तुझी आई,
बासिलिसा

जून २७, शुक्रवार

‘महोदया’! स्वतःच्या आईला ‘महोदया’! टाइप करून, खाली शिक्का मारून. शिक्का तरी सरळ मारायचास.

तुझं म्हणणं कळलं. त्या दिवसांत बोट मोठ्या बेटांवर असते. इकडे वळवायची तर इथल्या तीस विवाहित बायकांची नावं, वयं आणि सह्या हव्यात, जुलैच्या १९ तारखेच्या आत. तीसच का, सव्वीस का नाहीत, ते लिहिलं नाहीस. ऑफिसला गोल आकडे आवडत असतील.

मला वाटलं दोन दिवसांचं काम. पोटं चोळायला मी घरोघर जातेच. खोबरेल तेलाच्या बाटलीबरोबर वही घेतली आणि निघाले. पहिल्यांदा निंफाकडे. तिला पाच आहेत, सहावं नको म्हणून मेमध्ये माझा हात धरून रडली होती.

वही पाहिल्यावर ती दोन पावलं मागे सरली. ‘लोला, तुम्हीच तर म्हणाला होता, ती काडी दंडातून सरकत सरकत काळजात जाऊन रुतते.’

‘मी? कधी?’

‘माझ्या तिसऱ्याच्या वेळी. चौथ्याच्या वेळीपण.’

दुसऱ्या घरी ऐकलं की काडी बसवलेली बाई सुकटीसारखी वाळते, लोला बासिलिसा सांगते. तिसऱ्या घरी तर काडीमुळे बाईला मिशा फुटतात. हे मी बोलले नव्हते गं. म्हणजे बहुतेक नव्हते. आठवडाभर मी माझीच वाक्यं परत ऐकत हिंडले, तीही तिखटमीठ लावलेली.

आठ दिवसांत चार नावं मिळाली. त्यातल्या दोघींनी दुसऱ्या दिवशी येऊन माझ्यासमोर खोडली. एकीने तर कागदच फाडला, मागच्या बाजूला मी मिठाची यादी केली होती तीही गेली.

आणि फेलिसिसिमा. आठवते ना? कप्तानाची बायको, जपमाळ मंडळाची अध्यक्ष. तिच्या थोरल्याची धर्ममाता मी, त्यामुळे आम्ही एकमेकींना ‘मारे’ म्हणतो आणि एकमेकींचं वाईट चिंतत नाही, निदान रविवारी. ती नीरफणसाखालच्या बाकावरून ओरडली, ‘मारे, या वयात कसला नवा धंदा उघडलास?’

मी म्हटलं, ‘माझं वय होऊन गेलंय मारे. तुझं अजून शिल्लक आहे, तू जपून राहा.’

बाक हसलं. ती हसली नाही. नऊ आहेत तिला, आणि बेचाळिसावं चाललंय.

यादी होईल. घाई करू नकोस आणि ‘महोदया’ लिहू नकोस.

बासिलिसा

जुलै ७, सोमवार

अनिसिया बरी नाही. मी खोटं लिहिलं होतं.

गेल्या वर्षी मेमध्ये चौथीच्या वेळी तिचं रक्त थांबेना. मी माझ्या हातात होतं ते सगळं केलं, मग तिला भरल्या इंजिनाच्या होडीत सुकटीच्या पाट्यांवर आडवी टाकून चार तासांवर पलीकडे, मोठ्या बेटावरच्या इस्पितळात नेली. वाचली. डॉक्टरने मला बाहेर बोलावून सांगितलं, पाचवं बाळंतपण हिच्याकडून निभावणार नाही, ही मरेल. असंच म्हणाला, गोड केलं नाही. मला तो आवडला. एप्रिलमध्ये ती काडीसाठी एकटी पलीकडे जाऊन आली, तिथे काड्या संपलेल्या. ‘तुमच्या बेटाच्या वाट्याच्या काड्या बोटीवरूनच येतात, सप्टेंबरमध्ये,’ म्हणून परत पाठवलं. गेल्या वर्षी रोमुलोच्या बोटीचं इंजिन बिघडलं म्हणून तो जत्रेला आला नाही. ते इंजिन बिघडलं नसतं तर आज मी हे पत्र वेगळं लिहिलं असतं.

मी तिला म्हटलं, ‘त्याला सांग, लांब झोप.’

ती माकुळं उन्हात पसरत होती. मान वर न करता म्हणाली, ‘लोला, तो दोन वर्षांनी येतोय. मलाही तो हवाय. मी काय दाराला खिळे ठोकून बसू?’

मीही कधीतरी सत्तावीस वर्षांची होते.

आता पुढचं. ही चौथी कशी झाली ते तुला कुणी सांगितलं नसेल. तिच्याकडे गोळ्या होत्या. पलीकडून आणलेली तीन पाकिटं, रोज एक घ्यायची. मी म्हटलं, ‘नवरा समुद्रात, मग गोळी रोज कशाला वाया घालवतेस? बोट दिसली की सुरू कर.’ मला ते फार शहाणपणाचं वाटलं. आम्ही घरात तेलसुद्धा मोजून जाळतो, मग गोळ्या रिकाम्या बिछान्यावर कशाला उधळायच्या? मी हा सल्ला निम्म्या बेटाला दिला. पोरी वाळूत उभ्या राहून क्षितिजावर धूर दिसायची वाट बघायच्या आणि दिसला की पहिली गोळी गिळायच्या. आणि मेमध्ये मीच त्यांच्या पायांशी बसायचे. औषध असं चालत नाही हे तू अकरा वर्षांपूर्वीच सांगत होतीस.

तेव्हा तू नवी नर्स होतीस आणि गोळ्यांचा खोका घेऊन आली होतीस. तुझ्या बहिणीसाठी, कोन्सेसासाठी. सहा पोरं होती तिला. मी सुईण, आणि माझ्याच पोरीने माझ्याच अंगणात पोरं न होण्याचं औषध वाटायचं? तो खोका मी धक्क्यावर सगळ्यांदेखत पाण्यात फेकला. पुढच्या मेमध्ये कोन्सेसा माझ्या हातांवर गेली, सातव्याबरोबर. तिची अनिसिया तेव्हा सोळा वर्षांची होती, दिवा तिने धरला होता.

तू मला काही बोलली नाहीस. पेटी भरलीस आणि गेलीस. बोलली असतीस तर मी भांडले असते आणि जिंकलेही असते, म्हणून बोलली नसशील. यापलीकडे त्याबद्दल लिहिणार नाही. मला जमत नाही.

आता कालचं ऐक, कारण काल मी जे केलं ते करायला या वयात दम लागतो.

जपमाळ संपल्यावर सगळ्या बायका चर्चच्या पायऱ्यांवर चपला शोधत असतात, तेव्हा मी वही घेऊन मधल्या पायरीवर उभी राहिले. म्हटलं, ‘काडी काळजात जाते असं तुम्हाला कुणी सांगितलं?’

निंफा हळूच म्हणाली, ‘तुम्ही.’

‘मी डॉक्टर आहे का?’

‘नाही लोला.’

‘तिसरीत नापास झालेल्या बाईचं ऐकून पोरं जन्माला घालता? लाज नाही वाटत?’

मग मी एर्मिताबाईंना पुढे ओढलं. त्यांना शहरात काडी बसवून दोन वर्षं झाली, हे बेटावर फक्त मला माहीत होतं. आदल्या दिवशी त्यांची परवानगी घेतली होती, त्यासाठी त्यांची पाठ तासभर फुकट चोळून दिली. बाईंनी बाही वर केली. म्हटलं, चाचपून बघा, जिथे बसवली तिथेच आहे की नाही. रांग लागली. चाळीस बायकांनी त्या बिचारीचा दंड असा दाबला की मासळीबाजारात सुरमईसुद्धा एवढी कुणी दाबत नाही. एकीने मिशाही तपासल्या.

‘पण नाव कागदावर जाणार,’ मागून कुणीतरी म्हणालं. ‘सासूला कळलं तर?’

मी वही गुडघ्यावर ठेवली आणि पहिल्या ओळीवर लिहिलं: बासिलिसा, वय ७१. सही केली. मोठ्याने वाचून दाखवलं.

आधी कुणाला कळेना. मग निंफा हसायला लागली, हसता हसता खालीच बसली. ‘लोला, तुम्हाला कशाला काडी?’

म्हटलं, ‘कशाला ते विचारायला येणाऱ्या सासूला माझ्याकडे पाठवा. यादी कुणाची? माझी. पहिलं नाव कुणाचं? माझं. तुम्ही सगळ्या माझ्या मागे उभ्या आहात. आणि खोका कुणी फेकला होता तेही तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. चुकले होते मी. आता पेन्सिल घ्या.’

निंफाने घेतली. तिच्यानंतर अनिसियाने. मग पेन्सिलीचं टोक दोनदा करावं लागलं. एकोणतीस सह्या झाल्या, माझी धरून तीस. यादी सोबत आहे. कोपऱ्यात तेलाचा डाग आहे, तो ऑफिसने सहन करावा.

तुझी आई

जुलै १७, गुरुवार

‘यादीतील अनुक्रमांक १ यांचे वय ७१ नमूद असून खुलासा करावा. सदर नाव वगळता संख्या २९ भरते.’

खुलासा! तुझ्या त्या साहेबाला म्हणावं, बेटावर ये, मी तोंडी खुलासा करते, मग तू आठवडाभर कुठे नोकरीवर जाणार नाहीस.

पण रागावून चालणार नव्हतं. एक नाव हवं होतं आणि हातात दोन दिवस. ज्या सही करणार होत्या त्यांनी केली होती, ज्या उरल्या त्यांच्या घरी मी तीन तीनदा जाऊन आले होते. एकीच्या सासूने माझ्यावर कुत्रं सोडलं. कुत्रं मला ओळखतं, शेपटी हलवत बसलं. पण सही मिळाली नाही. अनिसिया रोमुलोचे शर्ट धुऊन वाळत घालत होती. दोन वर्षं पेटीत पडलेले शर्ट. ते वाऱ्यावर हलायला लागले की मी वही उचलून पुन्हा बाहेर पडायचे.

काल दुपारी फेलिसिसिमा आली. भर उन्हात, डोक्यावर छत्री, कंबर दुखते म्हणून. आडवी झाली. मी तेल लावलं. तिने भिंतीकडे तोंड केलं.

मग म्हणाली, ‘मारे, तुझी यादी परत आली म्हणे.’

‘आली.’

‘एक कमी पडतंय म्हणे.’

‘पडतंय.’

‘त्या ऑफिसात ती यादी कोण कोण वाचतं?’

‘माझी लेक. तिच्या पोटात गोष्ट राहते. माझ्या बाबतीत तर अकरा वर्षं राहिलीय.’

ती भिंतीला सांगितल्यासारखी म्हणाली, ‘मी दर वर्षी जत्रेला संताजवळ एकच मागते, मारे. सगळे समजतात नवऱ्याची तब्येत मागते.’

मी वही तिच्या पोटावर ठेवली. तिने झोपल्या झोपल्याच सही केली, वाकडीतिकडी, पण अध्यक्षबाईंची सही. उठताना म्हणाली, ‘कंबर अजून दुखतेच आहे. तुझ्या हातात पूर्वीची जादू राहिली नाही.’

हे तिसावं नाव. कुणाला सांगितलंस तर मी पोहत येईन.

बासिलिसा

ऑगस्ट ५, मंगळवार

तुझी बोट काल आली. एक तारखेला यायची होती, वादळाने तीन दिवस अडवली. वादळाला कुणी सही मागत नाही.

नर्स चांगली आहे, पण लहान आहे. चर्चच्या शाळेत टेबल मांडलं, बायका रांगेत, आणि पहिल्याच नंबरला तिने फॉर्म पुढे केला. ‘इथे नवऱ्याची सही.’

मी म्हटलं, ‘नवरे समुद्रात आहेत. कुप्यांकडून आणू?’

‘लोला, आमच्याकडे पद्धत आहे तशी.’

‘कायदा आहे की पद्धत?’

ती गोंधळली. रांगेतल्या तिघी-चौघी पायात चपला सरकवायला लागल्या. मी अनिसियाकडे बघितलं, ती पांढरी पडली होती. मी नर्सला म्हटलं, ‘बोटीवर तुझ्या साहेबीणबाई बसल्या आहेत, पिवळ्या छत्रीखाली. जा, त्यांना विचारून ये. आम्ही थांबतो. एकही बाई हलणार नाही.’ आणि शेवटचं वाक्य मी रांगेकडे बघून म्हटलं.

पोरगी पळत गेली, पळत आली. ‘मॅडम म्हणाल्या, बाईची स्वतःची सही पुरते. आणि म्हणाल्या, त्या म्हातारीच्या नादी लागू नकोस, तिच्याशी वाद घालून कुणी जिंकलेलं नाही.’

रांग हसली. मीही. सही पुरली.

त्रेचाळीस जणी झाल्या. यादीत नसलेल्याही आल्या. जिच्या सासूने कुत्रं सोडलं होतं ती आली, आणि कुत्रंही मागोमाग आलं. सर्वांत शेवटी एक बाई तोंडावर रुमाल धरून आली, तिला सगळ्यांनी ओळखलं आणि कुणी ओळख दाखवली नाही. अनिसियाचा नंबर दुसरा होता. डोळे मिटले नाहीत तिने. नर्सने पट्टी बांधली तेव्हा म्हणाली, ‘एवढंच?’

तू दिवसभर बोटीवर बसून होतीस. उतरली नाहीस. मीही धक्क्यावर आले नाही. शेवग्याची पानं घातलेलं माशाचं कालवण आणि भात डब्यातून पाठवला होता. डबा रिकामा आणि धुऊन परत आला. तू चांगला घासलास, तळाला काजळी होती तीही गेली.

आता अडचण. नर्स सांगून गेली, सात दिवस थांबायचं, मगच काडीवर विसंबायचं. सातवा दिवस अकरा तारखेला भरतो. पुरुष नऊला उतरतात. नऊ आणि दहा, दोन दिवस त्रेचाळीस बायकांचे नवरे कुठे ठेवायचे, सांग? तुझ्या ऑफिसात याचा फॉर्म नसेल. मी बघते.

आई

ऑगस्ट १९, मंगळवार

जिंकलो, लुमिंग! बैस आणि नीट वाच.

वादळात संत रोकेच्या पालखीचा एक खांब मोडला होता आणि बांबूची कमान आडवी झाली होती, हे खरं आहे. नऊ तारखेला पुरुष उतरले, खांद्यावर पिशव्या, तोंडभर हसू. धक्क्यावर त्यांच्या बायकांच्या पुढे उभी होती फेलिसिसिमा, हातात घंटा घेऊन. तिने जाहीर केलं की यंदा संताचा कोप झालाय, म्हणून समुद्रावरून आलेल्या प्रत्येक पुरुषाने दोन दिवस आणि दोन रात्री चर्चच्या अंगणातच राहायचं, पालखी दुरुस्त करायची, कमान उभारायची आणि संतावर पहारा द्यायचा. घरी जायचं नाही. जेवण बायका आणून देतील आणि भांडी ठेवून परत जातील.

तिच्या पायाशी लोळण घ्यावीशी वाटली मला. ही कल्पना मी तिला फक्त अर्धी सांगितली होती. घंटा तिची स्वतःची.

पुरुषांनी आरडाओरडा केला. एकजण म्हणाला, ‘अकरा महिने खलाशांच्या घोरण्यात काढले, आता संताशेजारी झोपू?’

फेलिसिसिमा म्हणाली, ‘संत घोरत नाही. तुला फरक पडेल.’

तिचा नवरा, कप्तान, त्याला तर समुद्राचं पाणी पाहूनच मळमळतं, कधी बोटीवर गेला नाही. त्यालाही तिने अंगणात झोपवलं. ‘पुढाऱ्याने आधी झोपावं,’ म्हणाली. तो आनंदाने गेला, तिथे माडी होती.

अशी पालखी या बेटाने कधी पाहिली नसेल. दोन दिवस नुसते पुरुष आणि काम! मोडका खांब तर बदललाच, उरलेले तीनही बदलले, कमानीवर शंख बसवले, चर्चच्या छपराच्या दोन गळत्याही बंद केल्या. फादर जत्रेच्या दिवशी पलीकडून आले तेव्हा म्हणाले की या बेटावर श्रद्धा वाढली आहे. आम्ही सगळ्या खाली बघत होतो.

अकराला दुपारी रोमुलो घरी आला. पोरी त्याच्या अंगावर चढल्या, धाकटीने त्याला पहिल्यांदाच पाहिलं आणि भोकाड पसरलं. जेवण झाल्यावर अनिसियाने बाही वर केली आणि त्याला सगळं सांगितलं. रक्त, सुकटीच्या पाट्या, डॉक्टर, गोळ्या, काडी. मी स्वयंपाकघरात होते, म्हणजे मला ऐकू येत होतं. तो उठून पाण्याकडे गेला. अनिसिया भांडी घासत राहिली. एकच ताट तिने किती वेळा घासलं ते मी बघत होते.

तासाने आला. तिच्याकडे नाही, आधी माझ्यासमोर उभा राहिला. ‘लोला, माझी बायको मरणार होती आणि मला समुद्रात कुणी कळवलं नाही?’

‘कळवलं असतं तर काय केलं असतंस?’

‘दोन रात्री कशाला, पूर्ण सात रात्री झोपलो असतो संताशेजारी. छप्पर सगळंच नवं घातलं असतं.’

मी म्हटलं, ‘बरोबर आहे तुझं.’ तारीख लिहून ठेव. आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं की नवऱ्यालाही विचारता येतं. सगळ्या बेटाने त्याला चुकवायचा बेत केला, आणि त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

जत्रेला तो अनिसियाबरोबर नाचला. ती घामाने भिजली, लाल झाली, दमून माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, ‘लोला, दोन वर्षांत पहिल्यांदाच मला भीती वाटत नाहीये.’ मी म्हटलं, ‘मग पाय दुखेपर्यंत नाच.’ ती परत गेली.

आई

मे २५, २०१५, सोमवार

चार! पूर्ण मे महिन्यात चार बाळंतपणं, आणि चारही जणींना हवी होती. एकीला तर सात वर्षांनी दिवस राहिले, तिने मला कुठेही चावलं नाही, उलट मीच घाबरट आहे असं म्हणाली. उरलेले दिवस मी काय केलं? झोपले. दुपारी, चटईवर, तोंड उघडं टाकून. मारियामातेच्या फुलांच्या मिरवणुकीत मी पन्नास वर्षांत पहिल्यांदा चालले. फुलं कशी धरायची ते अनिसियाच्या तिसरीने मला शिकवलं, वय वर्षं पाच, आणि वर मी चुकीची धरते म्हणून रागावली.

अनिसिया जाड झाली आहे. माझ्याशी भांडते. तिने आणि निंफाने मिळून माकुळं सुकवायचा मोठा मांडव घातला आहे, वर्षभर त्यावर कुणी ना कुणी काम करतं, कारण आता कुणाच्या पोटात काही नाही आणि कुणाच्या पाठीवर एकापेक्षा जास्त नाही. फेलिसिसिमाची कंबर एकदम बरी झाली. माझ्या हातातली जादू परत आली, असं ती सगळ्यांना सांगते.

तुझं सप्टेंबरचं पत्र मिळालं होतं. चार ओळी, हाताने लिहिलेल्या, सुरुवातीला ‘आई’. उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं ते कळेना. आता काम निघालंय म्हणून लिहिते.

गेल्या आठवड्यात शेजारच्या लहान बेटावरून सहा बायका स्वतः वल्ही मारत आल्या. त्यांची जत्रा जानेवारीत असते, तुमची बोट त्यांच्याकडे मार्चमध्ये जाते. एका जत्रेनंतर ऑक्टोबरात त्यांच्या दोघी बाळंतपणात गेल्या. त्यांनी आमच्या पायऱ्यांवर बसून सगळं विचारून घेतलं, एर्मिताबाईंचा दंडही दाबला, बाई आता सवयीने बाही वर करतात. मग मी, अनिसिया आणि फेलिसिसिमा, आम्ही पलीकडच्या बाजारात तीन दिवस बसलो आणि येणाऱ्या प्रत्येक होडीला विचारलं, तुमच्या बेटाचा संत कोण, जत्रा कधी, पुरुष कधी उतरतात. सतरा बेटं. यादी सोबत जोडली आहे, स्वच्छ अक्षरात, अनिसियाने लिहिली आहे, तेलाचा डाग नाही. प्रत्येक तारखेच्या बरोबर तीन आठवडे आधी बोट तिथे पोचली पाहिजे. तीन, कारण एक आठवडा वादळाचा, एक काडीचा, आणि एक नवऱ्यांना घाई असते त्याचा. प्रत्येक बेटाच्या तीस सह्या आम्ही आणून देऊ. पहिलं नाव सगळीकडे माझंच असेल, वय आता ७२, खुलासा मिळणार नाही.

आता नीट ऐक. या पत्राचं उत्तर तुझ्या साहेबाने द्यायचं, तारखांसह, सहीनिशी, पंधरा दिवसांत. नर्सने नाही, कारकुनाने नाही. आणि तू तर मुळीच उत्तर लिहायचं नाहीस. तू पुढच्या बोटीने यायचं, धक्क्यावर उतरायचं, आणि जे काय बोलायचं ते माझ्या तोंडावर बोलायचं. मी मधे बोलणार नाही.

तुझी आई,
बासिलिसा